गोरेगावचा नळ ते लोकसभा : मृणाल गोरे यांच्या वाटचालीची पार्श्वभूमी

१९७७ च्या मार्चमध्ये लोकसभा निवडणुकीचे निकाल लागले तेव्हा मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या होत्या. उत्तर मुंबईतून मृणाल गोरे आणि उत्तर मध्य मुंबईतून अहिल्या रांगणेकर निवडून आल्या. त्या लोकसभेत साऱ्या देशातून मिळून अवघ्या १९ स्त्रिया पोहोचल्या होत्या. त्यांतल्या या दोघी मुंबईच्या, आणि दोघीही १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून गेलेल्या. इंदिरा गांधी त्याच निवडणुकीत रायबरेलीतून पराभूत झाल्या आणि ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा मुंबईभर झाली. तिच्यातले ‘पानीवाली बाई’ हे नाव मात्र त्या निवडणुकीत जन्मलेले नव्हते. त्यामागे गोरेगाव आणि आसपासच्या वस्त्यांतली दीड दशकाची वणवण होती.

मृणाल गोरे (जन्म २४ जून १९२८) माहेरच्या मोहिले. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच त्या राष्ट्र सेवा दलाकडे आणि समाजवादी चळवळीकडे ओढल्या गेल्या आणि डॉक्टर होण्याचा मार्ग त्यांनी सोडून दिला. १९४८ साली केशव ऊर्फ बंडू गोरे या समाजवादी कार्यकर्त्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला आणि पुढे गोरेगाव हेच दोघांचे कार्यक्षेत्र ठरले. हे गोरेगाव त्या वेळी मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. १९५० साली शहराची हद्द जोगेश्वरीपर्यंत आली, आणि १९५७ साली ती दहिसरपर्यंत वाढली तेव्हा कुठे गोरेगाव महापालिकेत आले. त्यानंतरच्याच वर्षी, १९५८ मध्ये, बंडू गोरे यांचे अकाली निधन झाले. तिशीतल्या मृणालताईंच्या पदरी लहान मुलगी होती. अशा वेळी घरापुरते पाहणे कोणीही समजून घेतले असते. त्यांनी पतीच्या नावाने गोरेगावात स्मारक ट्रस्ट उभा करण्याच्या कामात सहकाऱ्यांसह लक्ष घातले आणि तीन वर्षांनी त्या महापालिकेची निवडणूक लढल्या.

१९६१ च्या त्या महापालिकेकडे थोडे थांबून पाहायला हवे. स्त्रियांसाठी राखीव जागा तेव्हा नव्हत्या. त्या पुढे तीन दशकांनी आल्या. तरीही त्या एका निवडणुकीतून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि जॉर्ज फर्नांडिस हे तिघे सभागृहात आले, आणि तिघेही कालांतराने लोकसभेत गेले. फर्नांडिस यांनी १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांचा पराभव केला. ते पाटीलही याच महापालिकेचे महापौर राहून दिल्लीला गेलेले. महापालिका ते संसद हा रस्ता मुंबईत त्याआधीही मळलेला होता. बहुतेकांनी तो पक्षसंघटनेच्या किंवा कामगार संघटनेच्या बळावर पार केला. मृणालताईंनी तो पार केला तो पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांच्या बळावर, आणि त्यांचे वेगळेपण इथे आहे.

पाण्याचा प्रश्न उपनगरांत इतका बिकट का झाला, याचे उत्तर शहराच्या बांधणीत आहे. विहार (१८६०), तुळशी आणि तानसा (१८९२) हे जुने तलाव मुख्यतः बेटावरच्या मुंबईची तहान डोळ्यांपुढे ठेवून बांधले गेले. उपनगरे हद्दीत आली ती उशिरा, आणि माणसे आली ती जलवाहिन्यांच्या कितीतरी आधी. झोपडपट्ट्यांची अवस्था तर सर्वांत वाईट होती, कारण वस्ती अनधिकृत ठरली की नळ मागण्याचा हक्कही संपला, असा प्रशासनाचा हिशेब असे. पाणी हा वस्तीच्या कागदपत्रांवर अवलंबून असलेला अधिकार नाही, ही भूमिका मृणालताईंनी लावून धरली आणि हंडे-कळशा घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे महापालिकेच्या दारात नेले. पाणीवाली बाई हे नाव लोकांनी दिले ते याच काळात.

मोर्चा का, सभागृहातले भाषण का पुरे पडले नाही, हेही समजून घ्यावे लागते. मुंबई महापालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्याने चालतो. त्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. नगरसेवक प्रश्न विचारू शकतो, अंदाजपत्रकावर बोलू शकतो, ठराव मांडू शकतो. पण नळजोडणीचा हुकूम काढू शकत नाही. निवडून आलेल्या प्रतिनिधीनेच रस्त्यावर उतरण्याची मृणालताईंची पद्धत मला या मर्यादेतून आलेली दिसते. काहींना तो आक्रस्ताळेपणा वाटे. मला ते त्या कायद्याचे अचूक आकलन वाटते.

हीच मर्यादा त्यांना पुढच्या सभागृहाकडे घेऊन गेली. रेशन, रॉकेल, गोडेतेल, साखर यांचे प्रश्न महापालिकेच्या कक्षेत येत नव्हते. १९७२ मध्ये त्या समाजवादी पक्षातर्फे विधानसभेवर निवडून आल्या. महाराष्ट्र तेव्हा भीषण दुष्काळाच्या तोंडाशी होता. त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा एरवी परस्परांविरुद्ध लढणाऱ्या पक्षांच्या स्त्रिया एका व्यासपीठावर आल्या. हाती लाटणे घेऊन, थाळ्या बडवत गृहिणी रस्त्यावर उतरल्या. ज्या स्त्रियांनी आयुष्यात कधी सभेला पाऊल टाकले नव्हते त्या मंत्र्यांना जाब विचारू लागल्या. १९७७ चा विजय जनता लाटेचा होता हे खरेच. पण लाटण्याच्या मोर्चाने घडवलेला स्त्रियांचा हा मतदारवर्ग लाटेच्या आधीपासून तयार होता, आणि उत्तर मुंबईचा निकाल समजण्यासाठी तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. मृणालताई काही महिने भूमिगत राहून काम करत राहिल्या, मग पकडल्या गेल्या आणि त्यांना तुरुंगवास सोसावा लागला. तिथून सुटल्यावर लोकसभेची उमेदवारी आली.

दिल्लीतला काळ मात्र थोडाच. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले. १९७९ च्या ऑगस्टमध्ये लोकसभा विसर्जित झाली, म्हणजे त्यांची खासदारकी अडीच वर्षेही टिकली नाही. एरवी नगरसेवक, आमदार, खासदार अशा चढत्या क्रमाने कारकीर्द मांडली जाते आणि शेवटची पायरी हीच सर्वोच्च मानली जाते. मृणालताईंच्या बाबतीत ही मांडणी लागू पडत नाही, कारण संसदेनंतरचे त्यांचे काम संसदेतल्या कामापेक्षा मोठे ठरले.

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि काही काळ विरोधी पक्षनेत्या होत्या. गर्भजल परीक्षणातून होणाऱ्या लिंगनिवडीविरुद्ध मुंबईत स्त्री संघटना आवाज उठवत होत्या. तो प्रश्न मृणालताईंनी १९८६ मध्ये अशासकीय विधेयकाच्या रूपाने सभागृहात आणला. सरकारला भूमिका घ्यावी लागली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या चाचण्यांवर नियंत्रण आणणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ मध्ये झाला. गोरेगाव, मुंबई, दिल्ली या प्रवासाची दिशा इथे उलटली होती. आता राज्यातल्या एका कायद्याच्या मागोमाग दिल्ली चालली.

दुसरे काम घरांचे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातली अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळेल अशी अपेक्षा होती, पण सवलतींच्या वाटांनी ती जमीन निसटत होती. बाबुराव सामंत, प. बा. सामंत अशा सहकाऱ्यांसह मृणालताईंनी नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. त्यातून गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या परिसरात, अल्प आणि मध्यम उत्पन्न गटांतल्या कुटुंबांसाठी सुमारे ६,००० घरांची वसाहत उभी राहिली. १७ जुलै २०१२ रोजी मृणालताईंचे निधन झाले, तेव्हा गोरेगावातल्या या घरांत दुसरी पिढी वाढत होती.