द्विसदनी विधिमंडळ आणि मराठवाडा

राज्याचे कायदेमंडळ दोन सभागृहांचे असेल, तर त्याला द्विसदनी विधिमंडळ म्हणतात. देशात आज अशी सहाच राज्ये आहेत. महाराष्ट्र त्यांपैकी एक. येथे विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत.

मराठवाड्याला वरचे सभागृह, म्हणजे विधान परिषद, उशिरा लाभले. हैदराबाद राज्यात १९५२ साली निवडून आलेली विधानसभा एकटीच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा परिषदही आली.

विधानसभेत मराठवाड्याचे ४६ आमदार थेट मतदानाने जातात. परिषदेचे गणित वेगळे. ३० सदस्य आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, पदवीधर व शिक्षक प्रत्येकी ७, १२ राज्यपालनियुक्त. परिषद कधी विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. स्थानिक संस्थांच्या निवडणुका रखडल्या की त्यांच्या जागाही रिकाम्या राहतात.

सामान्य माणसाला परिषद दिसते ती पदवीधर आणि शिक्षक निवडणुकीत. मराठवाड्याचे दोन्ही मतदारसंघ आठही जिल्ह्यांचे, म्हणजे उमेदवाराला वैजापूरपासून किनवटपर्यंत फिरणे आले. मतदारयादी दरवेळी कोरी सुरू होते. मागच्या खेपेला नाव होते म्हणून भागत नाही, नावनोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना १८ (शिक्षकांसाठी १९), पुन्हा भरावा लागतो. मतदान यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेननेच उमेदवारांपुढे पसंतीचा आकडा (१, २, ३...) लिहायचा. बरोबरची खूण केली किंवा अक्षरी ‘एक’ लिहिले की मत बाद. मतदार सगळे पदवीधर, तरी बाद मतांचा गठ्ठा चांगला जाडजूड निघतो.

अधिकारांत विधानसभा वरचढ आहे. मंत्रिमंडळ तिलाच जबाबदार. धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चाचे विधेयक) परिषद १४ दिवसच ठेवू शकते; साधे विधेयक पहिल्या खेपेला तीन महिने, दुसऱ्यांदा एक महिना. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नाही, शेवटचा शब्द विधानसभेचा. म्हणून परिषदेला ‘सोय लावण्याची जागा’ म्हणून हिणवले जाते, आणि ते अगदीच खोटे नाही. पण रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढलेल्या मराठवाड्याला त्या योजनेची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. तिचा कायदा दोन्ही सभागृहांनी १९७७ साली केला.