कोल्हापूर : रोमन वर्णलेखन व समवर्ण शब्द

कोल्हापूर हे नगरनाम इंग्रजीत आज के, ओ, एल, एच, ए, पी, यू, आर अशा आठ वर्णांत लिहितात. वर्णलेखनाच्या दृष्टीने त्यातील दोन जागा महत्त्वाच्या आहेत : तिसऱ्या-चौथ्या स्थानावरील ‘एल-एच’ ही जोडी आणि शेवटची ‘पी-यू-आर’ ही त्रयी. याच लांबीची आणि बहुतांशी याच वर्णांची आणखी तीन स्थाननामे आहेत. तेलंगणातील नागरकर्नूल जिल्ह्यात कोल्लापूर आहे; त्याच्या रोमन रूपात चौथ्या जागी ‘एच’ऐवजी दुसरा ‘एल’ येतो, बाकी सात वर्ण जागच्या जागी. अमरावती जिल्ह्यातील खोलापूरचे आठही वर्ण कोल्हापूरचेच. फक्त ‘एच’ चौथ्या जागेवरून दुसऱ्या जागी आलेला आहे. रोमन लिपीत पत्ता लिहिताना एका वर्णाची जागा चुकली, तर पिनकोडाचे पहिले तीन आकडे (४१६ की ४४४) हाच आधार उरतो. तिसरे नाव कॅनडातील ‘कोलापोर’. त्याचा विचार पुढे केला आहे.

चौथा वर्ण : ‘ल्ह’ हा मराठीत एक वर्ण मानावा की ‘ल्’ आणि ‘ह’ यांचे जोडाक्षर, याविषयी मतभेद आहेत. म्ह, न्ह, ऱ्ह, व्ह यांच्याबरोबर ‘ल्ह’लाही महाप्राण (हकारयुक्त) व्यंजन मानण्याकडे ध्वनिविचार करणाऱ्या अनेकांचा कल आहे. छंदःशास्त्राचा पुरावाही त्याच बाजूचा आहे : जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर आघात आल्यास गुरू होते, पण ‘तुम्ही’, ‘उन्हाळा’, ‘कुऱ्हाड’, ‘कल्हई’ यांतील पहिले अक्षर आघाताअभावी लघूच राहते. ‘कोल्हापूर’ या शब्दावर मात्र ही कसोटी चालत नाही, कारण ‘को’ मुळातच गुरू आहे. त्यासाठी ‘कल्हई’, ‘जिल्हा’, ‘मल्हार’ यांकडेच जावे लागते.

इंग्रजीत ‘एल-एच’ ही जोडी एका ध्वनीसाठी येत नाही. आठ वर्णांचे जे इंग्रजी शब्द ही जोडी बाळगतात, ते जवळजवळ सर्व सामासिक किंवा प्रत्ययसाधित आहेत : गर्लहुड, रेलहेड, नेलहेड, वेलहेड, बुलहॉर्न. या सर्वांत ‘एल’ पहिल्या घटकाचा शेवट आणि ‘एच’ दुसऱ्या घटकाचा आरंभ असतो, आणि जोडी चौथ्या-पाचव्या जागी पडते. तिसऱ्या-चौथ्या जागी ती आणणारे आठवर्णी शब्द बहुधा विशेषनामे असतात : मल्होत्रा हे आडनाव, फ्रान्समधील म्युलूझ हे शहर. म्युलूझमध्ये ‘एच’ लिहितात, उच्चारत नाहीत. पोर्तुगीजांत हीच जोडी ‘ल्य’सारख्या तालव्य ध्वनीसाठी वापरतात; गोव्यातील कार्व्हालो या आडनावाच्या लेखनात (तेही आठच वर्णांचे) ती दिसते. केवळ पोर्तुगीज वाचन जाणणारा माणूस कोल्हापूर हे नाव ‘कोल्यापूर’च्या जवळ वाचील. इंग्रज लेखकांनी आरंभी हा ‘एच’ अनेकदा गाळला, तो त्यांच्या कानाला या जोडीची सवय नव्हती म्हणून असावा.

व्युत्पत्ती : ‘एच’ गाळलेले इंग्रजी रूप योगायोगाने जुन्या शिलालेखीय रूपाजवळ जाते. शिलाहारकालीन लेखांत (सु. अकरावे-बारावे शतक) ‘कोल्लापुर’ आणि ‘क्षुल्लकपुर’ अशी रूपे आढळतात, त्यांत ‘ह’ नाही. दक्षिणेत कोल्लापुरम्मा या देवीच्या नावातही ‘ल्ल’च आहे. ‘क्षुल्लकपुर’ हे प्रचलित नावाचे संस्कृतीकरण असावे, असे सामान्यतः मानतात.

नावाच्या मुळाविषयी प्रमुख मते दोन. देवीने कोल्हासुराचा वध केला आणि त्याच्या इच्छेनुसार नगराला त्याचे नाव मिळाले, ही माहात्म्यपर कथा सर्वपरिचित आहे. दुसऱ्या मतानुसार नाव द्राविडी असून कन्नडमधील ‘कोळ्ळ’ (दरी, खोलगट जागा) किंवा ‘कोळ’ (तळे) या शब्दांशी त्याचा संबंध आहे. शहरात तळ्यांची संख्या मोठी होती हे दुसऱ्या मताला पोषक आहे : रंकाळा व कोटितीर्थ आजही आहेत, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले आणि कपिलतीर्थाच्या जागी मंडई. अडचण अशी की कन्नड शब्दांत ‘ळ’ आहे आणि लेखांतील रूपात ‘ल’. कन्नड लेखनपरंपरा हे दोन वर्ण सहसा वेगळे राखते, त्यामुळे हा भेद हलका मानता येत नाही. तरीही भूरचनेवरून आलेले नाव आधीचे आणि असुराची कथा त्या नावाचा अर्थ लावण्यासाठी नंतर जोडली गेली, हा क्रम अधिक संभवनीय वाटतो.

‘ल्ल’चा ‘ल्ह’ होणे मराठीला परके नाही. मल्लारी–मल्हारी आणि उल्लास–उल्हास ही उदाहरणे प्रसिद्ध आहेत. (आल्हाद आणि प्रल्हाद यांत मात्र मूळ ‘ह्ल’ची उलटापालट आहे, ती उदाहरणे येथे लागू करणे योग्य नव्हे.) कोल्लापुर–कोल्हापूर हा बदल मल्लारी–मल्हारीच्या मालिकेतील मानला, तर कोल्लापूर आणि कोल्हापूर या दोन नगरनामांतील चौथ्या वर्णाचा भेद हा कन्नड-तेलुगू आणि मराठी उच्चारांमधला भेद ठरतो. खोलापूरचा या मालिकेशी संबंध जोडण्यास आधार नाही.

अंत्यपद : नावाच्या शेवटच्या ‘पूर’चे रोमन लेखन तीन टप्प्यांत बदललेले दिसते, टप्प्यांच्या सीमा काटेकोर नाहीत. जुन्या लेखनात ‘पी-ओ-आर-ई’ असा शेवट करीत. कोलापोर (आठ वर्ण), सोलापूरचे शोलापोर (नऊ), कानपूरचे कॉनपोर (आठ) ही त्याची उदाहरणे. सिंहपुरावरून आलेल्या सिंगापूरच्या इंग्रजी नावात आणि ओडिशातील जेपोरमध्ये हा शेवट अद्याप टिकून आहे. वेल्लोर, मंगलोर यांच्या शेवटी ‘ओ-आर-ई’ असले, तरी ती नावे द्राविडी ‘ऊरु’वरून आलेली आहेत, ‘पुर’वरून नव्हेत, समवर्णी (सारख्या वर्णांच्या शब्दांच्या) याद्यांत ती एकत्र घालण्याची चूक वारंवार होते. दुसऱ्या टप्प्यात हिंदुस्थानीच्या रोमन लेखनाची पद्धत घालून देणाऱ्या जॉन गिलख्रिस्टच्या वळणाचा दुहेरी ‘ओ’ (‘पी-ओ-ओ-आर’) आला. मेजर ग्रॅहम याचा १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेला कोल्हापूर संस्थानविषयक सांख्यिकी अहवाल आणि कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज यांच्या १८७० च्या युरोप प्रवासाची, कॅप्टन वेस्टने संपादून १८७२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केलेली दैनंदिनी, या दोहोंच्या शीर्षकांत नऊ वर्णांचे हेच रूप आहे. त्यात ‘एच’ही आलेला आहे.

तिसरा टप्पा हंटरच्या (विल्यम विल्सन हंटर याच्या) रोमन लिप्यंतर पद्धतीचा. सु. १८७० नंतर सरकारी लेखनात ती रूढ झाली. रुळलेली काही नावे तिने जुन्या रूपातच ठेवली. कॉनपोर १९४८ पर्यंत टिकले ते त्यामुळे. कोल्हापूरला ही सवलत मिळालेली दिसत नाही. १८८६ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये आजचेच आठ वर्ण आहेत. ‘ल्हा’तील ‘ए’वर दीर्घत्वाची खूण आहे, ‘यू’वर नाही. म्हणजे गॅझेटियरने संस्कृत ‘पुर’ धरला. मराठी लेखन मात्र ‘कोल्हापूर’ असे दीर्घ आणि ‘कोल्हापुरात’, ‘कोल्हापुरी’ असे ऱ्हस्व करते. या एका बाबतीत ग्रॅहमचा दुहेरी ‘ओ’ मराठी उच्चाराशी अधिक प्रामाणिक होता, हे नमूद करायला हवे.

‘पी-यू-आर-आय’ हा चारवर्णी शेवट शहरात दोन वेगळ्या कामांसाठी येतो. कोल्हापुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी ही तिन्ही नावे प्रचलित रोमन लेखनात नऊ वर्णांची आहेत. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत ‘पुरी’ हे वसाहतवाचक पद आहे (तसेच राजारामपुरीत). कोल्हापुरीत ‘पूर’ला लागलेला ‘ई’ हा विशेषण करणारा प्रत्यय आहे. चपलेमुळे हे विशेषण इंग्रजीत नामासारखेही वापरले जाते. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे क्षेत्र महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांचे आहे.

अवशिष्ट रूपे : ‘कोलापोर’ हे रूप परदेशात दोन ठिकाणी उरले आहे. एक म्हणजे ब्रिटिश राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धांतील कोलापोर चषक, तो राजाराम महाराजांच्या इंग्लंडभेटीच्या सुमारास (सु. १८७१) सुरू झाला. या स्पर्धा आरंभी विम्बल्डन येथे आणि १८९० पासून बिस्ली येथे भरतात. स्वतः महाराजांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे निधन झाले. चषकावर त्यांच्या राजधानीचे नाव तत्कालीन वर्णांत कायम राहिले. दुसरे ठिकाण कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या ग्रे परगण्यातील कोलापोर ही वस्ती व तिच्या परिसरातील उंच पठारी प्रदेश. हे नाव कोल्हापूरवरूनच पडले असे सांगतात. वर्णलेखन त्याला अनुकूल आहे.

रेल्वेच्या तीनवर्णी संकेतात (के, ओ, पी) ‘एच’ नाही, विमानतळाच्या संकेतात (के, एल, एच) तो आहे. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. स्थानकाला आता छत्रपती शाहू महाराजांचे नाव आहे, पण संकेत नगरनामावरूनच चालू आहे.