पुन्हा शिकायचंय? पीएफला हात लावण्याआधी हे वाचा

चाकणच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढलेल्या सुपरवायझरला डिप्लोमावरून पदवीपर्यंत जायचं असतं. हिंजवडीत टेस्टिंग करणाऱ्याला नवीन काही शिकल्याशिवाय पुढची नोकरी दिसत नसते. मुलं मार्गी लागल्यावर एलएलबीचं जुनं स्वप्न पुन्हा मनावर घेणाऱ्या ताईही आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात. फीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "पीएफमधून काढू का?"

चाळिशीनंतरचं शिक्षण ही चैन नव्हे, असं आम्ही मनापासून मानतो. पण उतारवयासाठी ठेवलेले पैसे कुठल्या खात्यातून, किती आणि कधी काढता, यावर बरंच अवलंबून आहे.

जुनं पीपीएफ खातं (पोस्टात किंवा बँकेत स्वतः उघडलेलं पब्लिक प्रॉव्हिडंट फंडाचं खातं) असेल तर आधी तिकडे पाहा. खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षं झाली की आर्थिक वर्षातून एकदा काही रक्कम काढता येते. कारण सांगावं लागत नाही, करही लागत नाही. समजा, 2026-27 मध्ये काढायचे आहेत. मग 31 मार्च 2023 आणि 31 मार्च 2026 या दोन दिवसांच्या शिलकींपैकी जी कमी, तिच्या निम्म्यापर्यंत मिळतील. कोर्सची फी दोन हप्त्यांत असेल तर एकदा मार्चमध्ये आणि एकदा एप्रिलमध्ये काढता येईल, कारण मध्ये आर्थिक वर्ष बदलतं. आणखी एक बारकावा: पीपीएफचं व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. 25 तारखेला पैसे काढले तर तेवढ्या रकमेवरचं त्या अख्ख्या महिन्याचं व्याज जातं. फी भरायला सवड असेल तर आठवडाभर थांबून पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला काढा.

स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी पीपीएफ खातं मुदतीआधी बंदही करता येतं, पण तेव्हा अगदी सुरुवातीपासूनचं व्याज एक टक्क्याने कमी धरतात. निम्मी रक्कम विनाकपात मिळत असताना हा मार्ग आम्ही सुचवत नाही.

नोकरीतल्या ईपीएफचं, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या पीएफचं, गणित वेगळं. जुन्या नियमांत सात वर्षांच्या सदस्यत्वानंतर मुलांच्या दहावीपुढच्या शिक्षणासाठी आपल्या हिश्श्याच्या निम्मी रक्कम मिळे. सभासदाचं स्वतःचं शिक्षण त्या कलमात नव्हतं. 13 ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत ईपीएफचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे नियम सोपे करायचं ठरवलं: बारा महिन्यांची सेवा पुरेशी, शिक्षणासाठी दहा वेळांपर्यंत उचल, आणि 25 टक्के रक्कम खात्यात कायम. अर्जाच्या दिवशी ईपीएफच्या पोर्टलवर कुठला नियम लागू आहे ते पाहूनच आकडा ठरवा.

फीसाठी राजीनामा देऊन सगळा पीएफ काढायचा विचार मात्र कृपा करून सोडून द्या. सलग पाच वर्षांची सेवा झालेली नसेल तर त्या रकमेवर कर लागतो. आधीच्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केला असेल तर ती वर्षंही धरली जातात, म्हणून जुनी खाती आधी जोडून घ्या. शिवाय 8.25 टक्के दराने 3 लाखांचे पंधरा वर्षांत सुमारे 9.85 लाख होतात. आज काढलेल्या फीची खरी किंमत तेवढी आहे.

एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजनेतून) तीन वर्षांनंतर, तेही ठरावीक कारणांसाठी, स्वतः भरलेल्या रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंतच उचल मिळते. फीसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

मुळात फी किती, हेही तपासा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांचे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतात. सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावर शिकणं मोफत आहे. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. बँकेचं शैक्षणिक कर्ज घेतलंत आणि जुन्या करपद्धतीत असाल, तर व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. पगार नियमित असेल तर बचत मोडण्यापेक्षा हे अनेकदा स्वस्त पडतं.

आमच्याकडे येताना पीपीएफचं पासबुक, यूएएनचा (पीएफ सभासदाच्या कायमच्या क्रमांकाचा) तपशील, अलीकडची पगाराची स्लिप आणि कोर्सच्या फीचं वेळापत्रक बरोबर आणा. प्रवेशाची मुदत संपायच्या किमान महिनाभर आधी आलात तर कागदपत्रांची घाई होणार नाही.