उसळी (विमानाच्या अवतरणातील)

चाके धावपट्टीला टेकल्यावर विमान पुन्हा हवेत उचलले जाणे व त्यातून ओढवणारा अपघात. शिकाऊ वैमानिकांत ‘बाउन्स’ हाच शब्द रूढ आहे.

उसळीचे मूळ कारण कोणते, याविषयी एकमत नाही. एक मत दोष चाकांच्या लवचिक पोलादी पायांना देते. सेसना १५२ सारख्या विमानाचे पाय आपटल्यावर दाबलेली ऊर्जा परत देतात, हे खरे. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. तिचाकी (नाकाखाली एक व मागे दोन मुख्य चाके असलेल्या) विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. मुख्य चाके आधी टेकली, तर नाक आपसूक खाली येते, पंखांचा आपतन कोन (पंख व समोरून येणारी हवा यांतील कोन; तो वाढला की उचल वाढते) घटतो आणि विमान बसते. नाकाचे चाक आधी टेकले, तर नाक वर फेकले जाते, कोन वाढतो आणि वेग शिल्लक असल्यास विमान उडते. हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. शेपटीला चाक असलेल्या जुन्या विमानांत गुरुत्वमध्य मागे असल्याने मुख्य चाके आपटली तरी उसळी येई. बहुधा तेथूनच पायांना दोष देण्याची सवय आली असावी.

पहिली उसळी सहसा घातक नसते. घाबरलेला विद्यार्थी योक (नाक वर-खाली करणारा सुकाणू-दांडा) पुढे ढकलतो, विमान प्रतिसाद देईपर्यंत नाकाचे चाक पुन्हा आपटते आणि पुढची उसळी आणखी मोठी येते. अखेर नाकाचा पाय मोडतो, प्रोपेलरची पाती डांबराला घासून टोकाशी वळतात. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी कळ) पूर्ण उघडून, उतरणे सोडून पुन्हा फेरी मारणे, हा उपाय.

पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५९० मी. उंच आहे. उन्हाळ्यात ३८° से. तापमानाला येथील विरळ हवा सु. ५,००० फुटांवरील प्रमाण (ठरावीक तापमान व दाबाच्या) हवेसारखी वागते. वेगमापकावर ६० नॉट (ताशी सागरी मैल) दिसत असताना खरा वेग सु. ६५ नॉट असतो. जमीन नेहमीपेक्षा वेगाने सरकताना दिसते आणि टेकण्याचा अंदाज चुकू शकतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १३व्या परिशिष्टानुसार केवळ प्रोपेलर, टायर वा चाकांचे नुकसान झाल्यास तो ‘अपघात’ ठरत नाही. वृत्तपत्रांत मात्र ठरतो. पुणे जिल्ह्यात बारामती हे प्रशिक्षणाचे प्रमुख ठिकाण आहे. कडबनवाडी (ता. इंदापूर) येथील २५ जुलै २०२२ ची प्रशिक्षण विमानाची दुर्घटना शेतात झाली; ती या प्रकारात मोडत नाही.

हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रातील ग्लायडरना इंजिन नसल्याने पुन्हा फेरीची सोय नाही.