जनुके काय सांगतात आणि प्रथिने काय करतात

कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन या डोंगराच्या पोटात रिचमंड नावाची जुनी खाण आहे. तेथील पायराइट या खनिजावर हवा आणि पाणी यांची क्रिया होऊन साचणारे पाणी इतके आम्लधर्मी असते की त्याचा सामू १ च्याही खाली जातो. तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्यात लोहासह अनेक धातू विरघळलेले असतात. या पाण्यावर एक गुलाबी पापुद्रा तरंगतो, आणि तो संपूर्णपणे सूक्ष्मजीवांचा बनलेला असतो.

अशा जीवांचा अभ्यास करण्याची जुनी रीत म्हणजे त्यांना प्रयोगशाळेत वाढवणे. मात्र टोकाच्या परिस्थितीत राहणारे बहुतेक सूक्ष्मजीव तेथे वाढतच नाहीत, कारण त्यांना हवे असलेले आम्ल, क्षार, दाब आणि शेजारी यांचा नेमका मेळ बशीत जमवता येत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जिलियन बॅनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून वेगळी वाट धरली. त्यांनी पापुद्र्यातील सगळा डीएनए एकत्रच बाहेर काढला, त्याच्या तुकड्यांचा क्रम वाचला आणि ते तुकडे संगणकाच्या साहाय्याने जुळवून २००४ मध्ये त्यातील दोन जीवांचे जवळजवळ पूर्ण जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएचे समग्र आराखडे, उभे केले. या वाचनाचे एक फळ लगेच हाती आले. हवेतील नायट्रोजन बांधून घेण्याची जनुके पापुद्र्यात बहुसंख्येने असलेल्या लेप्टोस्पिरिलम या जिवाणूकडे नव्हती, ती त्याच्या संख्येने कमी असलेल्या भाऊबंदाकडे सापडली. तेव्हा नायट्रोजनयुक्त पोषकद्रव्यच नसलेले माध्यम तयार करून त्या अल्पसंख्य जिवाणूला वेगळे काढण्यात आले. म्हणजे एखादा जीव कसा वाढवावा, हेही त्याच्या जनुकांनीच सुचवले!

तरीही जनुक असणे आणि ते वापरात असणे यांत अंतर आहे. जीनोम वाचून पेशी कोणती प्रथिने बनवू शकते ते कळते. त्या ठिकाणी, त्या घडीला ती कोणती बनवत आहे, हे पाहायचे तर प्रथिनेच मोजावी लागतात. त्यासाठी पापुद्र्यातील प्रथिने वेगळी करून त्यांच्यावर ट्रिप्सिन हे एन्झाइम सोडतात. ते प्रथिनांची साखळी लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशीच तोडते, त्यामुळे तुकडे कोठे पडणार हे आधीच ठाऊक असते. मग मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक तुकड्याचे वस्तुमान अतिशय काटेकोरपणे मोजतो, त्या तुकड्याला आणखी फोडून त्याच्याही भागांची वस्तुमाने नोंदवतो, आणि जीनोमवरून गणिताने काढलेल्या यादीशी ती ताडून पाहिली की मूळ प्रथिन ओळखता येते. जीनोम हाती नसेल तर ताडून पाहायला यादीच उरत नाही. एखाद्या अमिनो आम्लाचा फरक असला तरी तुकड्याचे वस्तुमान बदलते आणि तो ओळखीतून निसटू शकतो.

रिचमंडच्या पापुद्र्यात या पद्धतीने २००५ मध्ये २,०३३ प्रथिने ओळखली गेली. बिघडलेल्या प्रथिनांना पुन्हा नीट घडी घालणारी आणि ऑक्सिडीकरणाच्या माऱ्याला तोंड देणारी प्रथिने त्यांत भरपूर होती. त्या आम्लात जगणे म्हणजे सततची डागडुजी, असा त्याचा अर्थ. जे प्रथिन विपुल होते, पण ज्याचे कार्य जनुकाच्या क्रमावरून कोणालाही सांगता आले नव्हते, ते लोहाचे ऑक्सिडीकरण करणारे सायटोक्रोम, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन, निघाले. खाणीतील पाणी आम्लधर्मी होण्याच्या प्रक्रियेत हेच प्रथिन मध्यवर्ती आहे. नुसता जीनोम वाचणाऱ्याने ते ‘कार्य अज्ञात’ असा शेरा मारून बाजूला ठेवले असते.

जीनोमवरून मुळीच अंदाज बांधता येत नाहीत असे नव्हे, पण ते बांधताना सहज सुचणारे तर्क फसतात. डीएनएमधील जी-सी ही जोडी तीन हायड्रोजन बंधांनी आणि ए-टी ही जोडी दोनच बंधांनी जोडलेली असते. तेव्हा उकळत्या पाण्याजवळ राहणाऱ्या जीवांत जी-सीचे प्रमाण जास्त असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ८५ अंशांना उत्तम वाढणाऱ्या मेथॅनोकाल्डोकॉकस जॅनाशी या समुद्रतळाच्या आर्कियात (जिवाणूंहून वेगळ्या गटातील एकपेशीय जीवात) ते जेमतेम ३१ टक्के आहे, तर आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूमध्ये सुमारे ५१ टक्के. उष्णतेची खूण प्रथिनांत अधिक ठळक दिसते: त्यांत विद्युतभारित अमिनो आम्ले वाढलेली असतात आणि विरुद्ध भारांच्या आकर्षणामुळे रेणूची घडी आवळलेली राहते. अतिखारट पाण्यातील हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाची प्रथिने तर एकूणच आम्लधर्मी असतात, आणि पेशीत पोटॅशियम क्लोराइडची दाटी असूनही ती विरघळलेली राहतात.

माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण डायनोकॉकस रेडिओड्युरन्सचे आहे. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात १९५६ मध्ये सापडलेला हा जिवाणू ५,००० ग्रे (शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) इतका किरणोत्सर्ग सोसतो. माणसाला सुमारे ५ ग्रे जीवघेणे ठरतात. १९९९ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा डीएनए दुरुस्तीची काही असामान्य यंत्रणा सापडेल अशी अपेक्षा होती. हाती आली ती दुरुस्तीची जनुके मात्र बहुतांशी साध्या जिवाणूंतही आढळणारीच होती. संशोधक मायकेल डेली यांच्या गटाने पुढे दाखवले की किरणांमुळे डीएनए येथेही तुटतो, पण मँगनीजच्या लहान संयुगांमुळे प्रथिने ऑक्सिडीकरणापासून वाचतात आणि दुरुस्ती करणारी एन्झाइमे कामाला शाबूत राहतात. नाजूक जिवाणूंमध्ये दुरुस्ती करणाऱ्यांचाच आधी बळी जातो.

अज्ञात प्रथिनांचा साठा अजून मोठा आहे. १९९६ मध्ये मेथॅनोकाल्डोकॉकसचा जीनोम वाचला गेला तेव्हा त्याच्या निम्म्याहून अधिक जनुकांचे कार्य सांगता आले नव्हते, आणि रिचमंडच्या पापुद्र्यात प्रत्यक्ष आढळलेल्या प्रथिनांपैकी ५७२ अशीच अनोळखी होती. आता संगणकाने त्रिमितीय रचनेचे भाकीत करता येत असल्यामुळे क्रमात साम्य नसलेल्या प्रथिनांचेही नाते जुळवता येते. त्यांतही जी प्रथिने पेशीत भरपूर बनतात आणि तरी कोणाशीच जुळत नाहीत, ती प्रयोगासाठी आधी हाती घेणे शहाणपणाचे ठरते.