टंचाईचा भाव आणि अडवणुकीचा भाव

पंपाच्या टाकीत जुन्याच दरानं घेतलेलं पेट्रोल असताना मालकानं आज भाव वाढवला, तर गिऱ्हाईक भडकणारच. पण पुढचा टँकर त्याला चढ्या दरानं घ्यावा लागणार असेल, तर त्याचे पैसे आजच्याच गल्ल्यातून उभे राहायचे असतात. हा टंचाईचा भाव. पुढच्या टँकरचा खर्च तोच, फक्त आसपासचे पंप बंद आणि गिऱ्हाईक अडलेलं, म्हणून चढवलेला दर हा अडवणुकीचा. पंपाच्या बोर्डावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घोळ होतो.

ऑगस्ट २००५ मध्ये कतरीना चक्रीवादळानं मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरी आणि रिफायनऱ्या बंद पाडल्या. अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला ३ डॉलरच्या वर गेला. लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या. पण त्याच भावाच्या ओढीनं युरोपातून पेट्रोलची जहाजं अटलांटिक ओलांडून आली. भाव दाबून धरला असता, तर तोटा सोसून एवढ्या लांब माल कोण पाठवणार होतं?

२९ ऑक्टोबर २०१२ ला न्यू जर्सीवर आदळलेल्या सँडी वादळाची गोष्ट वेगळी. तिथं कित्येक पंपांच्या टाक्यांत पेट्रोल होतं, ते उपसायला वीज नव्हती. भाव दुप्पट केल्यानं तारा लवकर जोडल्या गेल्या नसत्या. त्या राज्याच्या कायद्यानुसार आणीबाणीत दर १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. मात्र खरेदीच महागली असेल तर तो वाढीव खर्च धरता येतो. म्हणजे हा फरक कायद्यानंही ओळखलाय. शेवटी १२ काउंट्यांत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम दिवस लावावे लागले.

भाव गोठवला की पेट्रोल स्वस्तात मिळतं, हेही अर्धसत्यच. रांगेत गेलेले तास ही किंमतच असते, आणि ती कुणाच्याच खिशात जात नाही. रोजंदारीवाल्याचा तर दिवसच बुडतो. त्यामुळे तुटवडा लांबणार असेल, तर भाव वाढू द्यावा आणि गरिबाला थेट पैसे द्यावेत, असं माझं मत. चार दिवसांच्या खोळंब्याला मात्र रेशनिंगच बरं.

आपल्याकडे पंपचालकाला ठरावीक कमिशन मिळतं, दर तेल कंपन्या ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांच्या संपानं मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोंतून टँकर निघेनात, तेव्हा बोर्डावरचा आकडा हलला नाही, रांगा वाढल्या. चंदीगडमध्ये तर प्रशासनानं दुचाकीला २ आणि चारचाकीला ५ लिटरची मर्यादा घातली. या संपात भाव वाढवून काहीच साधलं नसतं: टँकरचालकांचं भांडण नव्या फौजदारी कायद्यातल्या, अपघात करून पळाल्यास १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या तरतुदीशी होतं, आणि पंपावरचा जादा पैसा त्यांच्यापर्यंत पोचणारही नव्हता.