तोळा म्हणजे नक्की कुठला तोळा?

आईच्या पाटल्यांच्या डबीत आजीच्या हातची एक चिठ्ठी आहे, घडीवर फाटत आलेली, त्यावर लिहिलंय "3 तोळे 5 मासे 4 गुंजा". मध्ये त्या पाटल्या सोनाराकडे काट्यावर ठेवल्या तर 40 ग्रॅम भरल्या, आणि मामी तिथेच म्हणाली, अगं साडेतीन तोळ्याच्या पाटल्या चार तोळे कशा झाल्या, सोनं काय डबीत वाढतं का?

सोनं वाढलं नाही, तोळा लहान झाला. आता सोनार तोळा म्हणतो तेव्हा सरळ 10 ग्रॅम धरतो, पण आजीचा तोळा 11.66 ग्रॅमचा होता. हिशोब सोपा आहे, 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला 96 गुंजा. मासा येतो 0.97 ग्रॅम आणि गुंज 0.12 ग्रॅम. चिठ्ठीतलं सगळं मिळवलं की 40.34 ग्रॅम होतात. वरचं थोडं कमी पडलं ते इतकी वर्षं हातात घासून झिजलं असणार, शुद्ध सोनं मऊ असतंच. (तब्येत तोळामासा आहे असं आपण म्हणतो ना, त्यातला मासा हाच, पाण्यातला नाही.)

गुंज म्हणजे ती लालभडक बी, टोकाला काळा ठिपका असलेली. पोरांच्या हातात देऊ नका, विषारी असते. आता झाडाची बी म्हटल्यावर प्रत्येकीचं वजन सारखं कसं असेल, नसतंच, पण एकदम 96 घेतल्या की काही जड काही हलक्या असं होऊन सरासरी बऱ्यापैकी जागेवर येते. तरी व्यापाराला तेवढं पुरत नाही. म्हणून 1833 साली कंपनी सरकारने तोळा रुपयाला बांधला, चांदीचा रुपया 180 ग्रेनचा आणि तोळाही तेवढाच. ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम, गुणून बघा, 11.66 ग्रॅमच येतात. मला ही आयडिया भारी वाटते, कारण वजनं हाताशी नसली तरी तराजूत 80 रुपये टाकले की झाला शेर!

80 तोळ्यांचा हा शेर 933 ग्रॅमचा, 5 तोळ्यांची छटाक 58 ग्रॅमची, आणि 40 शेरांचा मण 37.3 किलोचा. 40 वरून एक जुनं कोडं आठवलं, मणाचा दगड पडून त्याचे चार तुकडे झाले आणि त्या चार तुकड्यांनी 1 ते 40 शेरांपर्यंत काहीही तोलता यायला लागलं, तर तुकडे केवढे? उत्तर 1, 3, 9 आणि 27. गंमत अशी की दगड मालाच्या पारड्यातही ठेवायचे, म्हणजे 5 शेर हवे तर एका बाजूला 9 आणि दुसऱ्या बाजूला मालासोबत 3 आणि 1.

पण मण म्हटलं की लगेच 37 किलो धरू नका. हा झाला बंगाली मण. जुना मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणजे जेमतेम 12.7 किलो, तोही 40 शेरांचाच, म्हणून तिथला शेर फक्त 318 ग्रॅमचा. जवळजवळ तिपटीचा फरक आणि नाव तेच! 1956 चा वजनमापांचा कायदा आला आणि मग पुढच्या पाच-सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम बाजारात रुळले, तेव्हा हा घोळ मिटला. बोलण्यात मात्र पावशेर अजून आहेच, फक्त आता तो 233 ग्रॅमचा नसून 250 चा झालाय.

खरी पंचाईत धान्याची. मापटं, शेर, पायली ही भरायची मापं, तोलायची नाहीत. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, पण हा शेर वजनाचा नाही, आकारमानाचा. तीच पायली तांदळाने भरली तर जड आणि पोह्यांनी भरली तर हलकी, त्यामुळे "1 पायली म्हणजे किती किलो" याला कुठलंही कन्व्हर्टर ॲप एकच आकडा देऊ शकत नाही, आधी विचारायला हवं कशाची पायली.

आणि त्यावर शीग! मापाच्या काठावर जो धान्याचा ढीग उभा राहतो तो शंकूच असतो आणि त्याचा उतार धान्यानुसार ठरलेला असतो, त्यापेक्षा जास्त ओतलं की घरंगळतं. उतार ठरलेला म्हणजे भांडं दुप्पट रुंद केलं की ढीगही दुप्पट उंच होतो, आणि सगळं मिळून शीग आठपट! आडव्या अंतराच्या निम्म्याने चढणारा उतार धरला, म्हणजे काठापासून मध्यापर्यंत 10 सेंटीमीटर गेलं की 5 वर, तर 10 सेंटीमीटर रुंद तोंडाच्या मापावर साधारण 65 मिलिलिटर शीग बसते आणि 20 सेंटीमीटरच्या मापावर थेट अर्ध्या लिटरच्या वर. दोन्ही मापांत काठापर्यंत अगदी सारखंच धान्य मावत असलं तरी. म्हणजे घेणाऱ्याने पसरट माप आणायचं आणि देणाऱ्याने उभट. आमच्या गावच्या घरी एक लाकडी मापटं आहे, सध्या त्यात कपड्यांचे चिमटे असतात, ते चांगलंच उभट आहे, त्यामुळे आमच्याकडचे कुठल्या बाजूचे होते ते मी घरात विचारलेलं नाही.